शुक्रवारचा नकाशा

अल्लाल बाबा चाळीस वर्षं फेझच्या जुन्या शहरात खेचर हाकतोय. वेशीपासून आमच्या दवाखान्यापर्यंत औषधांची खोकी तोच नेतो, म्हाताऱ्या मसूदाच्या पाठीवर. यंदा ते काम एका चाकांच्या यंत्राला द्यायचं घाटत होतं. यंत्र म्हणे आपली वाट आपणच शोधणार. शनिवारी परीक्षा होती. दवाखाना गाठला तर काम यंत्राचं, नाही तर बाबाचं.

यंत्र माझ्या जोड्यांच्या दुकानासमोर येऊन अडलं. मागे वळलं, दुसऱ्या गल्लीत शिरलं, तिथेही मालाचे ढीग, म्हणून पुन्हा माझ्यासमोर. तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी म्हटलं, "घ्या की एखादा जोड, एवढे हेलपाटे घालताय तर!" ते यंत्र बनवणारी बतूल, आमच्याच गल्लीतली पोर, रडकुंडीला आली होती.

तेवढ्यात मसूदाला घेऊन बाबा आला. त्याच्या जागी मी असतो तर हसून पुढे गेलो असतो. हा मात्र दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून यंत्र न्याहाळायला लागला.

"पोरी, याला डोळे कुठायत?"

"हे किरण सोडतं, बाबा. ते भिंतीवर आपटून परत आले की अंतर कळतं. असाच सगळा नकाशा काढलाय."

"कुठल्या वारी?"

"शुक्रवारी. गर्दी नव्हती ना."

बाबा खो खो हसला. "अगं, शुक्रवारी सगळे घरी कुसकुस खात बसतात! आज या चोराने अर्धी गल्ली जोड्यांनी भरलीय. याला ती भिंतच वाटणार."

चोर म्हणजे मी.

"मग मी काय करू?"

"ओरडायचं. 'बालाक!' म्हटलं की माणसंही सरकतात, जोडेही. हे मुकं आहे, म्हणून अडलंय."

"तुमचा आवाज भरून घेऊ?" बतूल बोलून गेली आणि खाली बघायला लागली. यंत्र पोचलं तर कुणाचं काम जाणार, हे तिला ठाऊक होतं. मी बाबाला कोपराने ढोसलं.

"थांब रे," तो म्हणाला. "बघू तरी, इतकी वर्षं लोक माझं ऐकतात की मसूदाच्या लाथेला घाबरतात."

तो यंत्रापाशी वाकून ओरडला. बतूलने आवाज भरून घेतला, कळ दाबली, आणि यंत्र बाबाच्याच आवाजात ओरडलं.

"बालाक! बालाक!"

माणसं न बघताच भिंतीला चिकटली. माझे हात आपोआप जोडे आत ओढायला लागले. यंत्र सुटलं.

"ऐकतात रे!" बाबाचा चेहरा फुलला.

मसूदाने कान टवकारले आणि ती त्या आवाजामागे चालू लागली.

"मसूदा! अगं, मी इकडे आहे!"

ती थांबली नाही. बाबा लंगडत तिच्या मागे गेला. मला त्या दिवशी जोडे पुन्हा बाहेर मांडवले नाहीत.