मास्तरांच्या छातीपर्यंत

माझी आत्या जिल्ह्याच्या आपत्ती कार्यालयात आहे. लोकांना वाटतं, ही पडद्यासमोर बसून वादळं मोजत असेल. प्रत्यक्षात ती दारोदार फिरून एकच विचारते, "मोठ्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं?" उत्तरावरून धोक्याचा नकाशा रंगतो.

उत्तरंही एकेक ऐकण्यासारखी. एक आजोबा म्हणाले, "पाणी ना? आलं, बसलं, दोन दिवसांनी गेलं." जसं काही व्याह्यांबद्दलच बोलतायत. घर विकायला काढलेल्या काकू म्हणाल्या, "इश्श, आमच्याकडे कुठला पूर? पायरी भिजली, एवढंच." आत्याने भिंतीवरचा डाग मोजला. पायरी खांद्याएवढी निघाली.

आत्या मात्र कुणावर चिडत नाही. चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "बरं. असं का. दाखवा बरं." मी तिची नक्कल करते तेव्हा एवढ्यावरच घर हसतं, आणि सगळ्यात जास्त तीच.

मंगळवारी ती शिंपीमास्तरांच्या दुकानात आली. माझा स्कर्ट त्यांच्या मशीनखाली होता, म्हणून मीही तिथेच होते. मास्तर तर वाटच बघत होते.

"लिहा ताई, छातीपर्यंत. हे इथे. चाळीस वर्षं सांगतोय लोकांना. मी स्वतः चालत गेलोय त्यातून."

आत्याने टेप लावली. "एकशे पंचवीस सेंटिमीटर. मास्तर, मीटरच्या वर गेलं की जागा लाल. लाल जागेत तळमजल्यावर दुकान ठेवता येत नाही."

मशीन थांबलं. आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "हनुवटीपर्यंत सांगा की. अजून कौतुक होईल."

"मग... गुडघा लिहा," मास्तर म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. वडिलांनी थाटलेलं दुकान, दुसरं काही नाही.

"आलं तेवढंच लिहिणार. कमी नाही, जास्त नाही. तेव्हा वय काय होतं तुमचं?"

"आठ."

"मग ही छाती कुणाची दाखवताय?"

मास्तर आपल्याच शर्टाच्या गुंडीकडे बघत राहिले.

"तिसरीतल्या मुलांचे गणवेश शिवता ना? जमिनीपासून छाती किती भरते?"

याला त्यांना टेप लागत नाही. "नव्वद. पोरगं उंच असलं तर पंच्याण्णव."

"बरं. पण नुसतं तोंडी माप मी घेत नाही. त्या वेळची एखादी वस्तू आहे?"

कापडाचं कपाट होतं, वडिलांच्या काळातलं. दोघांनी मिळून ते भिंतीपासून सरकवलं. मागच्या फळीवर लाकूड फुगलं होतं, आणि फुगवटा एका सरळ रेषेत संपत होता. आत्याने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा मास्तर टेपवरचा आकडा वाचायला वाकले.

"ब्याण्णव," ती म्हणाली आणि पिवळ्या रकान्यात खूण केली. "दुकान राहतंय. पण विजेचे पॉइंट जमिनीपासून मीटरभराच्या वर घ्यायचे, आणि जमिनीवर एकही गठ्ठा नको. पुढचं पाणी तुमचं वय विचारून येणार नाही."

"करतो ना, या आठवड्यात करतो."

"असं का," आत्या म्हणाली. फाइल मशीनवर ठेवून तिने सगळ्यात मोठ्या गठ्ठ्याचं एक टोक धरलं. "उचला, मास्तर."