पोरं तीनदा मोजणारे सत्तारभाई

सत्तारभाईंनी नगरला दुसरं घर केलंय, ही बातमी मिरजगावात अर्ध्या दिवसात घरोघर पोचली. दर गुरुवारी इस्त्रीचा सदरा घालून एसटीने जायचं आणि विचारलं की हसून टाळायचं, मग लोकांनी काय समजावं? पसरवण्यात माझाही हात होता, कशाला खोटं बोलू. शेवटी त्यांच्या बायकोने, अल्मासभाभीने, मला चहाला बसवून दवाखान्याची फाईलच पुढे ठेवली. गुरुवारची ती बाई मानसोपचाराची डॉक्टरीण निघाली.

सत्तारभाई शाळेची व्हॅन चालवतात. निघताना पोरं तीनदा मोजायची, दार चारदा ओढून बघायचं, पुढच्या वळणावर थांबून पुन्हा मोजायची. आम्ही आयाबाया कौतुक करायचो. शाळेने तर शाल-नारळ दिला, सर्वांत काळजीवाला ड्रायव्हर म्हणून. त्या माणसाची छाती धडधडते, रात्रभर डोळा लागत नाही, हे कुणी विचारलं? दोन वर्षांत चार ईसीजी झाले, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, ताईतही बांधून झाला. डॉक्टरीणबाईंनी थायरॉईड तपासलं आणि मग तासभर नुसतं विचारलं: काळजी कशाकशाची, कधीपासून, थांबवता येते का? सततच्या चिंतेचा आजार, म्हणाल्या. रोज एक गोळी, गुरुवारी बोलणं. वहीत लिहायचं, आज कशाची भीती वाटली आणि त्यातलं खरं काय झालं. मोजणी हळूहळू कमी करायची, हा तिथलाच गृहपाठ.

चार महिन्यांत माणूस झोपायला लागला, पोरं एकदाच मोजायला लागला. दुसरं घर नाही हो, दवाखाना आहे, असं मीच गावभर सांगत सुटले. वाटलं, नाव धुऊन निघेल. कसलं काय! खताच्या दुकानाचे कानिफनाथ चार पालक घेऊन सत्तारभाईंच्या दारात हजर. म्हणे ड्रायव्हर वेड्याच्या गोळ्या खातो, हल्ली पोरंही धड मोजत नाही. गोळ्या बंद, नाहीतर व्हॅन बंद. गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद भाभीने पुढे केला, तर कुणी हातात घेईना. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आतून जळत होता तेव्हा शाल-नारळ, आणि बरा झाला तर ही वरात?

सत्तारभाई व्हॅनची काच पुसत होते. फडकं खांद्यावर टाकून म्हणाले,

"गोळी सुटनार न्हाई, कानिफशेठ. उद्या सात वाजता तुमच्या दारात येतो. पोरगी पाठवायची का न्हाई, ते तुमी ठरवा. पाठवली तर मोजीन. एकदाच."