ढाळसाहेब

साहेब बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे आणि पायाखालच्या जमिनीकडे बघत राहायचे. हातात चहाचा कप दिला तरी तो किंचित तिरका धरायचे, चहा कुठल्या अंगाला सरकतो ते पाहायचे, मगच घोट घ्यायचे. जिथं तिथं उतार शोधायचे; ओट्याला ढाळ, रस्त्याला ढाळ, अंगणाला ढाळ. म्हणून आमच्या मळ्यात त्यांचं नाव ढाळसाहेब पडलं. आमच्या हिनं एकदा विचारलंच, "साहेब, ढाळ म्हणजे जमिनीचाच ना, पोटाचा नव्हे?" सगळ्यांत जास्त तेच हसले. "वहिनी, आमच्या घरीही हाच प्रश्न पडतो."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिक आमच्या बांधापर्यंत येऊन ठेपलं होतं. पुतण्या अंबडला कंपनीत लागलेला, झेंडू तोडायला माणसं मिळेनात, म्हणून आम्ही भावांनी मळा वसाहतीसाठी विकायचं ठरवलं. घेणाऱ्यानं साहेबांना नेमलं. पावसाचं पाणी कुठून येईल, कुठून काढायचं, गटार, नळ, विजेचे खांब कुठून न्यायचे, हे पाहून अहवाल द्यायचं त्यांचं काम.

दिवसभर ते तिपाईवर यंत्र लावून उन्हात उभे असत. संध्याकाळी विहिरीवरची मोटार सुरू झाली की सरीच्या पाण्यात झेंडूची पाकळी सोडायची आणि तिच्यामागे चालत जायचं, ही त्यांची हौस. यंत्र असताना हे कशाला, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "यंत्राला आजचं दिसतं, अण्णा. मागचं माणसाला विचारावं लागतं. जमिनीच्या भावाबद्दल माणूस खोटं बोलेल, पाण्याच्या वाटेबद्दल नाही बोलणार. तिथं कुणाची तरी पोरं राहणार असतात."

मळ्याच्या खालच्या अंगाला एक ओहोळ होता. वडिलांनी तो कधीच बुजवून त्यावर नांगर फिरवला होता. सरकारी नकाशात तो नव्हताच. एरवी तिथं काही दिसायचं नाही, पण मोठ्या पावसात वरच्या टेकडीचं पाणी तिथूनच फुटायचं. नाला निघाला तर खालचा तुकडा आम्ही घेणार नाही, असं घेणाऱ्याच्या माणसानं आम्हाला सांगून ठेवलं होतं.

साहेब नेमके तिथं येऊन थांबले. "अण्णा, इथं जमीन जरा बसलेली वाटते. वरचं पाणी येतं का?"

"नाही साहेब. ते रस्त्याच्या कडेनं निघून जातं."

त्यांनी मान डोलावली आणि यंत्र उचललं. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

घरं झाली, लोक राहायला आले. काही वर्षं पाऊस बेताचा होता. मग एका दुपारी खालच्या रांगेतल्या घरांत कमरेइतकं पाणी शिरलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आपणहून आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. कंपाउंडच्या भिंतीवर भिजलेल्या गाद्या टाकल्या होत्या. "या, आता ढाळ मोजायला आलात का?" एक जण म्हणाला. साहेबांनी गर्दीत मला शोधलं.

"अण्णा, हे पाणी पूर्वी यायचं का?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या शब्दावर घर घेतलेले दोघं त्यात होते. मी म्हणालो, "कधीच नाही, साहेब."

ते लोकांकडे वळले. "अण्णा म्हणतात म्हणजे पाणी नव्हतंच. पावसाच्या पाण्याचा पाइप मी लहान धरला. चूक माझ्या हिशेबात आहे."

त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. त्यांनी पैसे खाऊन बारीक पाइप टाकायला लावला, असं वसाहतीत अजूनही बोलतात. माझ्या ओट्यावर बसून बोलतात. मी ऐकून घेतो.

साहेब गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तर त्यांच्या पत्नीनं चहा केला. म्हणाल्या, "शेवटपर्यंत त्याच पाइपचा हिशेब मांडत बसायचे. जेवायला बोलावलं तरी उठायचे नाहीत. चूक सापडत नाही म्हणायचे. मी म्हटलं, मग नसेलच चूक. तर म्हणायचे, अण्णांनी पाणी नाही म्हटलंय, म्हणजे माझंच काहीतरी राहिलंय."

मी चहा संपवला, नमस्कार केला आणि घरी आलो. त्या बाईही आता नाहीत.

साहेबांच्या हिशेबात चूक नव्हती. पाणी यायचं. लहानपणी, पावसाळ्यात, मी त्याच ओहोळात बैल धुतले आहेत.