यंत्रासमोरची खुर्ची

पक्षाघाताने माझा उजवा हात लुळा पडला आणि पाठोपाठ माझी पूजाही बंद झाली. डाव्या हाताने देवाला फूल वाहायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. यजमान म्हणायचे, "अगं, आजारपणात चालतं." मी ऐकलं नाही. खरं तर देवावर रुसलेच होते.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मिरा रोडला आमच्या घराजवळच्या केंद्रात हाताला व्यायाम देणारा रोबोट आला. हात त्याच्या पट्ट्यांत बांधायचा आणि पडद्यावरचा ठिपका वर्तुळात न्यायचा. सुरुवात आपण केली, की पुढे यंत्र मदत करायचं. माझ्याकडून ती सुरुवातच होईना. जोर लावला की हात आखडायचा आणि यंत्र थांबायचं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ताई, उद्याही हात हलला नाही, तर ही खुर्ची दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल."

दुसऱ्या दिवशी वेळेआधीच केंद्रात गेले. बाहेर बाकावर जवळच्या उत्तन कोळीवाड्यातली एक ख्रिस्ती बाई जपमाळ ओढत बसली होती. शेजारी तिचा कोळी नवरा, लुळा हात झोळीत अडकवलेला. मला रडू आवरेना. तिने विचारलं, तसं मी सगळं बोलून गेले, खुर्ची जाण्याचं आणि पूजेचंसुद्धा. ती म्हणाली, "बाय, डावा हात कोनी दिला? त्यानंच ना? मंग हाय त्या हातानं नमस्कार कर आन् जा आत."

आत पट्टे आवळले गेले. डावा हात छातीशी धरून मी मनात म्हटलं, 'देवा, हा नमस्कार घे. उजव्याचं आता तूच बघ.' कितीतरी दिवसांनी त्याच्याशी बोलत होते. खांदा सैल पडला. यंत्राची घरघर सुरू झाली आणि थांबली. पुन्हा घरघर. "मॅडम, तुम्हीच हलवताय! सोडू नका!" थेरपिस्ट ओरडली. ठिपका वाकडातिकडा सरकत वर्तुळात गेला.

चमत्कार देवाचा, यंत्राचा, की अंग सैल सोडल्याचा, मला ठाऊक नाही. खुर्ची माझी राहिली. बाहेर आले, तर काउंटरवरची मुलगी त्या कोळ्याला सांगत होती, "काका, आज नाही होणार. खुर्ची रिकामी झाली नाही."

मी चरकले. त्या बाईला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हा," ती म्हणाली. "त्याची येल आली की त्याचा पन हलंल. तुजा हलला ना?"

समर्पणावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली होती. पण नवऱ्याची पाळी जाईल हे ठाऊक असून त्या बाईने मला आत पाठवलं. तेव्हापासून देवापुढे बसले, की आधी त्या कोळ्याच्या हातासाठी मागते, मग माझ्या.