दारावरचा नंबर

आमच्या भौतिकशास्त्र विभागात नवीन मुलं आली की पहिल्याच आठवड्यात ओळखीचा कार्यक्रम होतो. पीएचडी करणाऱ्या जुन्या मुलांनी ओळीने उभं राहायचं आणि तीन गोष्टी सांगायच्या. कुठली लॅब, कितवं वर्ष, आणि आजवर केलेली एक चूक. ही तिसरी गोष्ट कुणी सुरू केली कोण जाणे, ती माझ्याही आधीची आहे, आणि मी इथल्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं लेथ चालवतोय. हेतू चांगला आहे. नवीन मुलं आपापल्या कॉलेजात पहिली आलेली असतात, त्यांच्या हातून कधी काही मोडलेलं नसतं, त्यामुळे मोडायला ती फार घाबरतात. इथे सगळेच मोडतात हे त्यांना कळावं, एवढंच. प्राध्यापकांना त्या खोलीत बंदी असते. मला मात्र बसू देतात, कारण प्रोजेक्टर ऐन वेळी रुसतो आणि तो फक्त माझं ऐकतो.

आता खरं सांगायचं तर मुलं चुका सांगतात त्या निवडून निवडून. कुणी चष्मा व्हॅक्यूम चेंबरमध्ये विसरलेला असतो, कुणी आठवडाभराची आकडेमोड सेव्ह न करता कॉम्प्युटर बंद केलेला असतो. ऐकणाऱ्याने हसावं आणि सांगणाऱ्याची पत जाऊ नये, अशा बेताच्या चुका. हातचं राखून सांगणं शिकलेल्या माणसांना फार छान जमतं.

पट्टीही तेच करायची.

पट्टी हे नाव मी ठेवलेलं. बाकीची मुलं तिला ताई म्हणतात. ती थंड लॅबमधली. तिथे माणसाच्या उंचीची एक पोलादी टाकी आहे, तिच्यात द्रव हेलियम ओतून धातूचे नखाएवढे तुकडे भयंकर थंड करतात आणि मग त्यांचं काय होतं ते मोजत बसतात. पट्टीचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तिच्या हातात ते उतरलेलं. वायर जोडली की ती जोडावर हिरवी चिकटपट्टी गुंडाळायची आणि तिचं टोक दुमडून ठेवायची. पुढे कुणाला सोलायची वेळ आली तर नखं झिजवायला नकोत म्हणून. एवढा दुसऱ्याचा विचार करणारं पोर मी वर्कशॉपमध्ये दुसरं पाहिलं नाही.

तिच्याबरोबर त्याच वर्षी त्याच लॅबमध्ये एक मुलगा आला. उंच, इतका की टाकीच्या वरच्या झडपेपर्यंत त्याचा हात सहज जायचा. म्हणून त्याचं नाव शिडी. तेही मीच ठेवलं, आणि त्याचा मला पुढे फार पस्तावा झाला. दोघं एका टेबलावर बसायची. तो अखंड बोलायचा, ती ऐकायची, आणि मध्येच एक वाक्य बोलून त्याची विकेट काढायची. ओळखीच्या कार्यक्रमात दोघं शेजारी उभी राहायची, तो डावीकडे, ती उजवीकडे. सुरक्षावाल्यांनी लॅबच्या दारावर एक फोन नंबर लावायला सांगितला तेव्हा बाकीच्यांनी अंग चोरलं. शिडीने कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, "आग, गळती, काहीही. आधी मला फोन करा." खाली 'शिडी' आणि स्वतःचा नंबर. पट्टीने तो तिच्या हिरव्या पट्टीने दारावर चिकटवला.

दुसऱ्या वर्षी शिडी बहिणीच्या लग्नाला आठ दिवस घरी गेला. टाकीत दोन थर्मामीटर असतात, एक वर झाकणापाशी आणि एक खाली तुकड्याला चिकटलेला. त्या आठवड्यात त्यांच्या वायरी तुटल्या. पट्टी माझ्याकडून सोल्डरिंग गन घेऊन गेली, दोन तासांत परत आणून दिली. लॅबच्या वहीत ती हे लिहायला विसरली. एवढीशी गोष्ट.

शिडी परत आला, मोजू लागला, आणि त्याच्या आलेखावर एक उंचवटा दिसायला लागला. जगात कुणालाच न दिसलेला. सव्वा वर्ष त्याने दुसरं काही केलं नाही. पेपर छापून आला, त्यांच्या सरांची मान ताठ झाली, शिडी वर्कशॉपमध्ये येऊन मलासुद्धा तो आलेख समजावून गेला. मला ओ की ठो कळलं नाही, पण त्याचा चेहरा बघायला बरं वाटलं. मग दुसऱ्या दोन लॅबनी तोच तुकडा मोजून पाहिला. उंचवटा नाही. एका मोठ्या परिषदेत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने त्याला शांतपणे विचारलं, "तुम्ही तापमान नक्की कशाचं मोजताय?" सरांनी पेपर मागे घेतला आणि पत्रात कारण लिहिलं, तापमान मोजण्यात विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा. तिसरं वर्ष संपायच्या आत शिडी एका दुपारी खांद्यावर पिशवी टाकून निघून गेला. खुंटीवरचा कोट न्यायचंही त्याला सुचलं नाही.

त्यानंतर आठ महिन्यांनी पट्टी माझ्याकडे खाली आली.

"काका, अडीच वर्षांपूर्वीचं रजिस्टर असेल का?"

कोणी कुठलं हत्यार कधी नेलं, कधी परत केलं, हे मी लिहून ठेवतो. मी फडताळातून काढून दिलं. तिने पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. तिचीच सही होती.

"काय झालं गं?"

"काही नाही. तारीख बघायची होती."

पुढच्या आठवड्यात पंप दुरुस्त करायला मी वर गेलो. तिच्या टेबलावर काचेच्या डबीत वायरचा एक जोड कापून ठेवलेला होता. हिरवी पट्टी, टोक दुमडलेलं. आणि आत वायरी उलट्या लागलेल्या, वरच्या थर्मामीटरची खालच्याला. एवढं मलाही कळतं. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मूग गिळून पंप उघडला. एक पोर गेलं, आता दुसरं कशाला घालवायचं, असं मी स्वतःला समजावलं. तिच्या प्रबंधावर सही त्याच सरांची व्हायची होती.

मेलेल्या माणसाचं भूत एक वेळ शांत होईल, जिवंत माणसाचं होत नाही. शिडीचा कोट खुंटीवर तसाच राहिला. कुणाला हलवायचा धीर होईना. ड्रॉवरवर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, "बारीक स्क्रू", "मोठे स्क्रू", "कुणाचे माहीत नाही". हेलियम ओतताना टाकी कण्हल्यासारखा आवाज करते, तेव्हा पट्टी त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायची, आता हा काहीतरी बोलेल म्हणून. सगळ्यात वाईट म्हणजे मी ठेवलेलं नाव. नवीन मुलांनी त्याला पाहिलंही नव्हतं, पण लॅबमध्ये बोलायची पद्धतच पडली. "वायर तपास, नाहीतर शिडी होईल." "शिडी केलीस ना शेवटी?" पट्टीसमोर हे दिवसातून चार वेळा व्हायचं, आणि ती मान खाली घालून आपले जोड तपासायची. एकदा, दोनदा, पाचदा. बरोबर उत्तर आलं तरी तिचा विश्वास बसायचा नाही, पुन्हा मोजायची. रविवारी आईचा फोन यायचा, "संपलं का गं ते?" आणि ही म्हणायची, "संपत आलंय." तीन वर्षं ते संपत आलं होतं. ओळखीच्या कार्यक्रमात उभी राहताना ती डावीकडे एका माणसाची जागा सोडायची. दर वर्षीच्या फोटोत ती रिकामी जागा आहे.

यंदाचा तिचा शेवटचा कार्यक्रम. सरांची सही पुढच्या सोमवारी होती. थंड लॅबमध्ये एक नवीन मुलगी आली होती, पहिल्या बाकावर वही उघडून बसलेली. पट्टीच्या आधी त्याच लॅबमधल्या दुसऱ्या वर्षाच्या बडबड्याची पाळी होती.

"मी एकदा झडप उलटी फिरवली," तो म्हणाला. "थोडक्यात शिडी होता होता वाचलो."

"शिडी म्हणजे?" मागून कुणीतरी विचारलं.

"होता एक आमच्याकडे. चुकीचा थर्मामीटर बघून जगाला शोध लावून दाखवला. साहेबांनी वायर तपासलीच नव्हती."

सगळी खोली हसली. नवीन मुलगीही हसली. पट्टीची पाळी आली. तिची ठरलेली चूक मला पाठ होती, पाण्याचा नळ चालू राहिला, खाली वर्कशॉपमध्ये तळं झालं आणि काका स्टुलावर चढून बसले. तीन वर्षं खरं काय ते माहीत असून ती हीच गोष्ट सांगत होती, आणि मी मागे बसून रागावल्याचं नाटक करत होतो.

"थंड लॅब," ती म्हणाली. "आठवं वर्ष." आणि थांबली. डावीकडच्या जागेकडे पाहिलं. "पाण्याची गोष्ट तुम्हाला काका सांगतील. माझी चूक वेगळी आहे. आत्ता ज्याला हसलात त्याच्या थर्मामीटरच्या वायरी उलट्या लागल्या होत्या. त्या मी लावल्या होत्या. वहीत लिहिलं नाही. त्याने तपासल्या नाहीत, कारण जोडावर माझी पट्टी होती. माझं काम तो कधीच तपासायचा नाही."

मी प्रोजेक्टरची वायर उगाचच सारखी केली. ही गोष्ट संध्याकाळच्या आत सरांच्या कानावर जाणार होती, आणि ते तिलाही माहीत होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "त्यांना कळवलंत?"

"नाही."

"का?"

"आधी धीर झाला नाही," पट्टी म्हणाली. "मग उशीर झाला म्हणून. मग फारच उशीर झाला म्हणून."

मुलगी जरा घुटमळली. "पण शिडी म्हणून दारावर त्यांचाच नंबर आहे ना? काल मला सुरक्षावाल्यांनी तो पाठ करायला लावला."

तो नंबर बदलायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. अणूच्या पोटातलं मोजणारी माणसं, पण दारावरचा कागद चार वर्षं कुणी वाचला नाही. आग लागली असती तर आम्ही त्यालाच बोलावलं असतं.

पट्टी खोलीतून निघाली ती थेट जिन्याकडे. मी वर्कशॉपमधून रजिस्टर घेतलं आणि मागोमाग वर गेलो. कशाला घेतलं, सांगता येणार नाही, पण रिकाम्या हाताने जाववेना. नवीन मुलगीही आली होती, दारात उभी. लॅबच्या भिंतीवरच्या जुन्या फोनचा आवाज एवढा मोठा आहे की पलीकडचं सगळं ऐकू येतं. पट्टीने दाराकडे न बघता नंबर फिरवला. दोनदा वाजला.

"लॅबमधून ना?" तोच आवाज. मागे मुलांचा गलका, तो कुठल्याशा शाळेत शिकवतो असं उडत उडत कानावर आलं होतं. "काय झालंय? गळती आहे का? सगळे बाहेर आलेत का?"

पट्टीने भिंतीला हात टेकला. "मी बोलतेय," ती म्हणाली. "गळती नाही. आम्ही ठीक आहोत."

"थर्मामीटर मी उलटे जोडले होते. वरचा खाली. तू लग्नाला गेला होतास तेव्हा. मला सव्वातीन वर्षं माहीत आहे."

मुलांचा गलका कमी झाला, बहुतेक त्याने दार लावून घेतलं. तो रागावेल, शिव्या देईल, फोन ठेवेल, माझ्या मनात सगळं येऊन गेलं.

"तारीख सांग," तो म्हणाला.

मी रजिस्टर तिच्यापुढे धरलं. तिने वाचून दाखवली. तारीख तिने दोनदा सांगितली.

"थांब. वही काढतो."

ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. लॅबमधली स्वतःच्या मोजमापांची वही त्याने शाळेतसुद्धा हाताशी ठेवली होती. मग बराच वेळ नुसती पानं उलटल्याचं ऐकू येत होतं.

"म्हणजे याच्या आधीची एकशे चाळीस पानं बरोबर आहेत," तो म्हणाला.

"सगळी बरोबर आहेत."

"मला वाटत होतं मला मोजताच येत नाही."

पट्टी रडायला लागली, मोठ्याने, लपवायचा प्रयत्न न करता. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण हातात रजिस्टर होतं. ती म्हणाली की आता सरांकडे जाते, सगळं लेखी देते, प्रबंधाचं काय व्हायचं ते होऊ दे. तो त्यावर बरं किंवा नको काहीच म्हणाला नाही. माफीचं तर कुणी नावच काढलं नाही.

"दारावर अजून माझाच नंबर आहे का?" त्याने विचारलं.

"हो."

"काढ तो. मी अजून फोन उशाशी घेऊन झोपतो. आता नको, असं मला कुणी कळवलंच नाही."

तिने फोन ठेवला, डोळे पुसले आणि दाराशी गेली. नवीन मुलगी बाजूला झाली. हिरव्या पट्टीचं टोक दुमडलेलं होतं, त्यामुळे कागद एका ओढीत निघाला.