ताईच्या पगारातला विमा

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत छापलेलं काहीही घरात आलं की ते माझ्यासमोर येतं. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, मोबाईलचं वॉरंटी कार्ड, बँकेचा मेसेज. त्यातलं निम्मं मला कळत नाही, पण तसं घरी सांगायला जीभ रेटत नाही. ताईच्या आरोग्य विम्याची पॉलिसी मात्र मी खरोखर वाचली होती, शब्दकोश शेजारी ठेवून.

ताई लग्नाआधी शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. तिच्यासोबत उभं राहून काम करणाऱ्या एका बाईचं सिझर झालं आणि त्यात त्या बाईचं होतं तेवढं सोनं मोडलं. ते बघून ताईनं स्वतःच्या पगारातून विमा काढला. काढताना तिनं मला एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली, "बाळंतपण बसतं ना गं यात?"

बसत होतं, पण लगेच नाही. आधी काही वर्षं नुसता हप्ता भरायचा, मग.

"मंग आत्ताच सुरू केलेलं बरं," ताई म्हणाली. तेव्हा तिच्यासाठी साधं स्थळही आलेलं नव्हतं. पुढं लग्न झाल्यावर तिनं दाजींचंही नाव त्यात घातलं. ती सासरहून कंपनीत जातच होती आणि हप्ता तिच्याच खात्यातून जात होता.

सातव्या महिन्यात ताई आमच्याकडं आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, खर्चही माहेरचा, यात आमच्याकडं कुणी दुसरा विचारच करत नाही. आबांनी त्यासाठी कळपातली काही मेंढरं विकायला आधीपासून वेगळी धरली होती. जेवताना मी भीतभीतच विषय काढला.

"आबा, ताईचा विमा आहे. त्यांच्या यादीतल्या दवाखान्यात नेलं तर बरंचसं बिल कंपनीच भरते. फक्त आधी कळवावं लागतं."

"इम्यात जावयाचं नाव हाय का नाय?"

"आहे, पण हप्ता..."

"मंग जावयाचा झाला. जावयाच्या जिवावर लेकीचं बाळंतपण करू व्हय? पाव्हण्यात तोंड कसं दाखवू?"

"आबा, तुमच्या मोबाईलचं सिम माझ्या नावावर आहे. म्हणून तो मोबाईल माझा होतो का?"

"दिसभर तुझ्याच हातात असतो की!" आबा म्हणाले आणि आई भाकरी थापता थापता हसायला लागली. माझा मुद्दा तिथंच वाहून गेला. नंतरही मी तो काढत राहिले. कधी आबा मेंढरांमागं असत, कधी आई म्हणे, "कॉलेजात बोल हे, इथं नको."

तरी मी यादीतला एक दवाखाना शोधला, शहरातला, उस्मानपुऱ्याच्या बाजूचा. ताईची तपासणी तिथंच सुरू केली. विम्याच्या टेबलावर पॉलिसीची प्रत दिली. भरती करतानाच सांगा, आम्ही लगेच मंजुरी मागवतो, असं तिथल्या माणसानं नीट समजावलं. मला वाटलं, एवढं तरी मार्गी लागलं.

कळा सुरू झाल्या तेव्हा आई, ताई आणि मी रिक्षानं निघालो. आबा शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर पुढं गेले. दाजी आणि ताईच्या सासूबाई त्यांच्या गावाहून थेट दवाखान्यात पोचले होते. ताईला आत नेल्यावर मी काउंटरला धावले, तर आबांनी धोतराच्या सोग्यातून काढलेल्या नोटा काउंटरवर ठेवलेल्या. सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आबा म्हणत होते, "इमा-बिमा काय नाय आपल्याकडं. रोख घ्या. पहिलं बाळंतपण हाय लेकीचं!"

"मॅडम, विमा आहे," मी म्हणाले.

काउंटरवरच्या मुलीनं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "यांनी नाही म्हणून सांगितलं ना? रोखीत नोंद झाली आता. डिस्चार्जनंतर क्लेम करा."

सासूबाई आबांना म्हणाल्या, "लई केलं तुम्ही, पाव्हणं." आबांची मान ताठ झाली. मागची माणसं पुढं सरकली आणि मी बाजूला झाले.

सिझर झालं. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय नव्हती.

मग क्लेम. सगळे कागद पाठवून फोनवर विचारलं तर म्हणे, मूळ पावत्या पाठवा. त्या पाठवल्या तर हे कितवं बाळंतपण, याचं डॉक्टरांचं पत्र हवं. त्यासाठी मी कॉलेज बुडवून शहरात गेले, तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. परत गेले, तर शिक्का असलेलं कपाट बंद. हेल्पलाइनवर कुणीतरी गोड आवाजात थांबायला सांगे आणि फोन कट होई. शेवटी कळलं की पावती आबांच्या नावावर आहे, म्हणून त्यांनी लिहून द्यायला हवं की बिल लेकीसाठी भरलं आणि पैसे तिच्या खात्यात जायला आपली हरकत नाही.

मी ते लिहून आबांपुढं धरलं. फक्त सही राहिली होती.

"दिलेलं परत मागू व्हय मी?"

"तुम्ही नाही मागत. ताई मागतेय."

"एकच झालं." ते उठून मेंढरांकडं गेले.

सही नाही म्हणून क्लेम अडकला आणि तसा मेसेज कंपनीनं पाठवला. पण तो गेला दाजींच्या मोबाईलवर. नाव वाढवताना एजंटनं संपर्काचा नंबर त्यांचाच टाकला होता. संध्याकाळी ताईच्या सासूबाईंचा फोन आला. ताईच्या मांडीवर बाळ होतं, म्हणून मी स्पीकर लावून फोन तिच्यापुढं ठेवला.

"काय गं, तुझ्या बापानं दवाखान्यात मोठ्या तोंडानं सांगितलं ना, रोख घ्या म्हणून? अन् आता माझ्या पोराच्या इम्यावर बिलं लावता व्हय?"

दारात आबा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. मी फोन बंद करायला हात पुढं केला, तर ताईनं तो बाजूला सारला.

"आत्या, इमा माझा हाय. लग्नाच्या आधीपासनं माझ्या पगारातून भरते. तुमच्या पोराचं नाव मीच घातलं त्यात, उद्या त्यांना काय झालं तर धावाधाव नको म्हणून. आबांनी एक रुपया मागितला नाय. मी मागतेय. माझा हाय म्हणून."

सासूबाईंचा आवाज खाली आला, "बरं बाई. आधी सांगायचं ना. पोरगी दूध पिती का नीट?"

फोन ठेवल्यावर आबा आत आले, भिंतीला टेकून बसले. "कुठं करायची सही?"

मी बोट ठेवलं तिथं त्यांनी सावकाश सही केली. मग कागदाकडंच बघत म्हणाले, "तिच्या पगारातून भरती ती, हे मला आधी का नाय कुणी सांगितलं?"

मी आईकडं बघितलं. आई बाळाची लंगोटी घडी करण्यात गुंतली होती. ताईला हसू आलं आणि टाके दुखले म्हणून तिनं पोट धरलं. मला हसू आलं नाही.

पुढं पैसे आले. बाळंतपणाला जी मर्यादा पॉलिसीत होती तेवढेच, म्हणजे बिलाच्या मानानं कमी. ताईच्या खात्यात आले आणि तिथंच राहिले. आबा आता पारावर सांगतात, "लेकीचा सोताचा इमा हाय, तिच्या पगारातला." आणि त्याच दमात, "पण बाळंतपण म्या केलं बरं का."

ते ऐकून आई समाधानानं मान हलवते. ताईही म्हणते, जाऊ दे. मी मात्र अजून तिथंच अडकलेय. शब्दकोश घेऊन वाचलेलं, घरात बसून इतक्यांदा सांगितलेलं खरं व्हायला ताईच्या सासूबाईंचं भांडण लागलं.