गोब्रा मेलेला नव्हता

समुद्रात मासे धरायची हौस माझ्या थोरल्या भावाची. आम्ही सेलूकडची माणसं. आमचे मासे दुधना नदीच्या डोहातले, मरळ नाहीतर शिंगाडा. वेळूची काठी, दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा आणि डब्यात गांडुळं, एवढ्यावर दादांचं आयुष्य गेलं. गळ बांधायला मला त्यांनीच शिकवलं.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती लपवून पुढचं सांगता येणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दादांना लकवा झाला. बोलणं, चालणं सुधारलं, पण उजवा हात मागं राहिला. मासा लागायचा, थर्माकोल बुडायचा, आणि दादांचा हात झटका द्यायच्या आत मासा निघून जायचा. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर ते रिकामे परत आले. एके दिवशी काठी माझ्या दारात उभी करून म्हणाले, "ठेव तुझ्याकडं. माझा हात मेला आता."

मला ते सोसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बळंच डोहावर नेलं. बाजारातून जिवंत मरळ घेऊन ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवली होती. जेवण झाल्यावर दादा बाभळीखाली आडवे झाले, तेव्हा मी ती त्यांच्या गळाला अडकवली, पाण्यात सोडली आणि ओरडलो, "दादा, दोरी ओढायलीय! उठा!"

त्या संध्याकाळी दादांनी उजव्या हातानं भाकर मोडली. पुढं डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम कुणी न सांगता करू लागले. भेटेल त्याला मरळीची गोष्ट सांगू लागले. मी तसं आणखी दोनदा केलं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

त्याच मरळीच्या जोरावर त्यांनी समुद्राचा हट्ट धरला. "डोह झाला, आता समुद्र बगू," म्हणाले. दिवाळीनंतर आम्ही चौघं मालवणकडं गेलो. दादा, मी, माझी बायको आणि कॉलेजात शिकणारी मुलगी.

होडी चालवणारा तांडेल माझ्याच वयाचा होता. कमी बोलणारा, हसरा. निघण्याआधी त्यानं मला बाजूला घेतलं आणि दादांच्या हाताकडं बघत विचारलं, "त्यांच्या हाताक काय झाला?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "बघूया. त्यांका एक तरी मासो गावाक होयो."

एक तरी मासा मिळायला हवा, हे वाक्य दुसऱ्या कुणाला गोड वाटलं असतं. मला नाही वाटलं. असं वाक्य मी स्वतःशी बोललो होतो, मरळ पोत्यात गुंडाळताना. मला वाटलं, हा माणूस तेच करणार. आणि हा काही दादांचा भाऊ नाही, हा घाईघाईनं करणार. दादा लहानपणापासून मासे धरणारे, त्यांच्या लक्षात येणार. एकदा हे लक्षात आलं की मागचं लक्षात यायला किती वेळ?

तेव्हापासून मी समुद्र पाहिलाच नाही. तांडेलाचे हात पाहिले.

किनारा पुसट झाल्यावर त्यानं नांगर टाकला. काठी नव्हतीच. लाकडी फिरकीवर गुंडाळलेली दोरी, टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या वर दोन गळ, गळाला कोलंबीचा तुकडा. गोळा तळाला टेकेपर्यंत दोरी सोडायची आणि बोटावर धरून बसायचं. पाणी पंधरा-वीस माणसं एकावर एक उभी राहतील एवढं खोल. आमच्या डोहात थर्माकोल दिसतो, इथं काहीच दिसत नाही. जे काय चाललंय ते खाली, आणि तांडेल म्हणेल ते खरं.

तो नेमका दादांच्या शेजारी जाऊन बसला. दादांच्या गळाला आमिष त्यानं लावलं, दोरी त्यानं सोडली. होडीच्या मागच्या टोकाला झाकण लावलेली एक बादली होती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं तिकडं गेलो आणि झाकण उचललं. आत बर्फ आणि कोलंबी. हात घालून बर्फाखालीही चाचपलं.

बायकोनं पाहिलं. "अहो, तुमी काय फौजदार हाव का? मासे धरायला आलो का चोर धरायला?"

मुलगी हसली. "पप्पांना अजून एक पण लागला न्हाई ना, म्हणून बादलीतलेच काढायलेत."

तिला दोन लाल राणीमासे मिळाले होते. बायकोला एक. मला काहीच नाही, कारण माझं बोट दोरीवर होतं आणि डोळे तांडेलावर. तो एकदा दादांच्या बाजूला वाकून पाण्यात हात धुवायला लागला. मी लगेच उठलो, होडी कलली.

"बस की खाली," दादा म्हणाले. "काय बगायलास सारखं?"

"काय न्हाई दादा."

तेवढ्यात त्यांचा हात खाली ओढला गेला. "लागला! लागला रे!" तांडेल मदतीला सरसावला, तर दादांनी त्याला कोपरानं ढकललं. एक हात, दुसरा हात, पुन्हा पहिला. उजवा मागं पडत होता, पण दोरी सुटली नाही. सुरुवातीला दोरी जोरात हिसके देत होती. अर्ध्यावर आल्यावर हिसके थांबले. आणि पाण्यावर काय आलं, तर एक जाडजूड करडा मासा, पोट फुगलेलं, डोळे खोबणीतून बाहेर, तोंडातून काहीतरी गुलाबी लोंबणारं. शेपूटही हलत नव्हती.

आमच्याकडं मासा काठावर येईपर्यंत झुंजतो. काठावर आल्यावर तर जास्तच. असा फुगलेला, डोळे बाहेर आलेला मासा मी दुधनेत पाहिला होता तो मरून तरंगताना. पाणी खोल आहे, तिथली गोष्ट वेगळी असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात दुसरंच तयार होतं.

मी ओरडलो, "दादा, हा मेलेला मासा हाय! ह्यानं लावलाय तुमच्या गळाला!"

तांडेलानं मासा उचलला, दादांपुढं धरला आणि कल्ला बोटानं उघडला. आत लालभडक होतं आणि ते हलत होतं.

"गोब्रो हा. जितो आसा," तो म्हणाला. "तळाचो मासो वर हाडलो की पोटात वारो भरता, डोळे भायर येतत. सगळ्यांचे येतत." मग माझ्याकडं वळून, न रागावता म्हणाला, "मेलेलो मासो गळाक कोण लावता, सायबानू? असा कोण करता?"

मी मान खाली घातली. तिथंच चुकलं. हसून माफी मागितली असती तर निभावलं असतं.

दादा माझ्याकडं बघत राहिले. मासा धरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते ती लाली अजून होती, ती हळूहळू उतरली. "तुला हे सुचलं कसं?" ते म्हणाले. मग, "ती मरळ?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. माझ्या तोंडून आलं, "आणि नंतरच्या दोन."

बायकोनं पदर तोंडाला लावला. मुलगी गोब्र्याकडं बघत बसली. दादांनी उजवा हात मांडीवर उघडा ठेवला, दोरीनं तळव्यावर लाल वळ उठला होता. तो त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला.

"लय उपकार केलास," ते म्हणाले.

मी पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "होडी हालायलीय. बस." आणि तांडेलाला, "कोलंबी द्या इकडं. मीच लावतो."

कोलंबी दोनदा बोटांतून निसटली. मी पुढं झालो, तशी त्यांनी मान वर केली. "तू तिकडं तोंड करून बस. किनाऱ्याकडं. आणि मी सांगस्तोवर वळू नको."

मी बसलो. मागून शिसं पाण्यात पडल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. मग कुणीतरी श्वास ओढून घेतला, पायांची धडपड झाली, मुलगी "मोठे बाबा, ओढा!" म्हणून किंचाळली आणि तांडेल काहीतरी भराभर बोलला. दादांची दोरी होडीच्या काठावर खरखर घासत राहिली. मासा आला की सुटला, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. किनारा बराच जवळ येईपर्यंत मी तसाच बसून होतो. वळ, असं दादांनी अजून म्हटलं नव्हतं.